बोंडअळीचा आवाज

पोळा सरला की आमच्याकडच्या हवेला एक वास येतो. बाहेरून आलेल्या माणसाला तो कळत नाही. तो हिरवी रानं बघतो, टेकड्यांवर उतरलेले ढग बघतो, मोबाइल काढून फोटो घेतो आणि म्हणतो, काय सुंदर आहे हो तुमचा जिल्हा! आहेच सुंदर. पण पांढरकवड्याकडून आलेली एसटी स्टँडवर लागते, दार उघडतं आणि उतरणाऱ्या माणसांबरोबर तो वासही खाली उतरतो. तिखट, किंचित गोडसर, नाकापेक्षा घशातच जास्त जाणवणारा. कुणाच्या सदऱ्याला असतो, कुणाच्या डोक्याला गुंडाळलेल्या दुपट्ट्याला. फवारणीचे दिवस आले हे समजायला आम्हाला कॅलेंडर लागत नाही.

काल मी शेअर ऑटोत बसले होते. वाटेत एक माणूस चढला आणि माझ्या शेजारी बसला. रापलेला चेहरा, पायजम्याचे ओले काठ, मांडीवर पिशवी. त्याने अदबीने अंग चोरून घेतलं. मी मात्र पुढच्याच चौकात उतरले आणि उरलेलं अंतर पायी गेले. त्याला वाटलं असेल, शहरातल्या बायांचे नखरे. वाटू दे बिचाऱ्याला. एके वर्षी याच वासाने एका बाईचा घसा फाडला होता आणि त्या फाटलेल्या आवाजाला मी पहिला नंबर दिला होता, हे त्याला चालत्या ऑटोत कसं सांगणार?

त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याला लागली होती. झाडं बोंडांनी लगडलेली. आमच्या घरी शेती नाही. वडील कचेरीत कारकून, मी कॉलेजात मराठी शिकवणारी, कापसाशी आमचा संबंध गादी-उशीपुरता. एरवी कापसाच्या गोष्टी आम्ही पावसाच्या गोष्टींसारख्या करायचो, म्हणजे दुसरं काही बोलायला नसलं की. त्या वर्षी मात्र शहरातही दुसरा विषय नव्हता. आमच्या कॉलेजचा शिपाई शेतातून येताना खिशात बोंडं घेऊन यायचा आणि स्टाफरूमच्या टेबलावर फोडून दाखवायचा. वरून हिरवंगार, टणक. आत गुलाबी अळी, अंग चोरून बसलेली.

"पाहा मॅडम," तो म्हणायचा, "फोडाव त्या बोंडात हे बसून हाय. कितीक फवाराव आता?"

लोक फवारत होते. एका औषधाने होत नाही म्हणून दोन मिसळत होते, दोनाने होत नाही म्हणून तिसरं. झाडं डोक्याएवढी, फवारा वर उडवायचा आणि तोच तोंडावर झेलायचा. सरकारी दवाखान्यात फवारणीची माणसं भरती होत असल्याच्या बातम्या येत. आम्ही सकाळच्या चहाबरोबर त्या वाचायचो, अरेरे म्हणायचो आणि पान उलटायचो. मीही उलटायची. याची मला लाज वाटते, पण ते तसंच होतं.

अशा दिवसांत पराग माझ्याकडे आला. माझा जुना विद्यार्थी. निबंधाच्या वहीत शब्दांपेक्षा चित्रंच जास्त काढायचा आणि मी त्याचे मार्क कापायची. पुढे पुण्याला जाऊन ॲनिमेशन शिकला, काही वर्षं तिथं राबला आणि परत येऊन यवतमाळला लागूनच लोहाऱ्याच्या एमआयडीसीत पत्र्याच्या शेडमध्ये त्याने स्टुडिओ थाटला. शेजारी सरकीच्या तेलाची गिरणी. गिरणी चालू असली की रेकॉर्डिंग बंद, लाइट गेली की दोन्ही बंद, असा सगळा संसार. त्याला गावोगाव दाखवायची एक छोटी फिल्म मिळाली होती. फवारणी करताना काय सांभाळायचं, हे सांगणारी. पात्रं चारच: म्हातारा बैल, कपाशीचं झाड, फवारणीचा पंप आणि बोंडअळी.

"मॅडम, पुण्या-मुंबईचे आवाज नाही घ्यायचे मला," तो म्हणाला. "आपल्या माणसांना आपल्यातलंच कुणी बोलतंय असं वाटलं पाहिजे. आवाज तुम्ही निवडून द्या."

मला हे ऐकून गुदगुल्या झाल्या. कारण माझ्या कानाचा मला भारी गर्व होता. जिल्ह्यातल्या वक्तृत्व स्पर्धांची मी कायमची परीक्षक. आमच्यासारख्या ठिकाणी परीक्षक होणं म्हणजे घरबसल्या दुश्मनी ओढवून घेणं. स्टेजवर उभी असलेली प्रत्येक मुलगी कुणाची तरी भाची असते, प्रत्येक मुलगा कुठल्यातरी साहेबांचा पुतण्या. म्हणून मी एक पद्धत पाडली होती. स्टेजकडे पाठ करून बसायचं. नाव नाही, गाव नाही, चेहरा नाही, फक्त नंबर पुकारायचा. लोक आधी हसले, मग त्यांना सवय झाली आणि पुढे पुढे तर ते माझं कौतुक करून सांगू लागले. बाई पाठमोऱ्या बसतात, त्यांच्याकडे वशिला चालत नाही. आवाजावरून माणूस ओळखता येतो, असं मी वर्गातही ठासून सांगायची. कोण उपाशी आलंय, कोण घरून भांडून आलंय, मला म्हणे मागं न वळता कळत होतं.

चित्रासाठी आवाज निवडणं मात्र वेगळंच निघालं. परागने चारही पात्रं भिंतीवर चिकटवली आणि आम्ही दोघं त्यांच्यासमोर खुर्च्या टाकून बसलो. माणूस आवाज घेऊन जन्माला येतो, चित्राला मात्र आधी गळा शोधून द्यावा लागतो. याची छाती केवढी? मान केवढी? हा बोलताना तोंड किती उघडेल? आणि चौघांचे आवाज असे हवेत की डोळे मिटले तरी कोण बोलतंय ते कळावं. बैल म्हटलं की सगळ्यांना भारदस्त खर्ज आठवतो. मी रिटायर झालेल्या एका पोस्टमास्तरांचा चिरका, दमलेला आवाज घेतला. जन्मभर ओढणाऱ्याच्या अंगात खर्ज कुठून उरणार, असं माझं म्हणणं. परागला पटेना, पण चित्राबरोबर लावून ऐकलं तेव्हा तो खुर्चीतून उठलाच. पंपासाठी माझ्याच वर्गातली एक मुलगी मिळाली, ती बोलताना श्वास घ्यायचं विसरायची. कपाशीसाठी एक अंगणवाडीताई. तिच्या बोलण्यात कायम असा हळुवारपणा, जणू शेजारी लेकरू झोपलेलं आहे.

राहिली बोंडअळी.

परागने ती गोंडस काढली होती, गोल, गुलाबी, लाडावलेली. तिला मान नाही, खांदे नाहीत. आवाज यायचा कुठून? दोन रविवार आम्ही लोहाऱ्याच्या शेडमध्ये माणसं बोलावली. यवतमाळातले निम्मे हौशी नट येऊन खलनायकासारखे हसून गेले. उरलेल्यांनी नाकातून चिं चिं केलं. मी भिंतीकडे तोंड करून बसलेली, हातात पेन्सिल, आणि प्रत्येक नंबरापुढे फुली. परागला मी सांगत होते, ही बंद बोंडात बसलेली आहे रे, अंधारात, तोंडात कापूस धरून. हिचा आवाज असा हवा की ऐकणाऱ्याच्या घशात काहीतरी अडकावं.

शेवटी आम्ही पांढरकवड्यापलीकडे, कपाशीच्या पट्ट्यातल्या मुकुटबनला गेलो. जिथं अळी आहे तिथंच तिचा आवाज मिळेल, असं काहीतरी मी गाडीत बोललेही. आज ते वाक्य आठवलं की जीभ चावावीशी वाटते.

मुकुटबनच्या एका सभागृहात मी नेहमीसारखी भिंतीकडे तोंड करून बसले. बोलायला अळीचंच वाक्य दिलं होतं: "फवारा, फवारा! मी बसली बोंडाच्या आत दार लावून. मले काय होते? जाते ते तुमच्याच नाकातोंडात!" वाक्य माझंच. ते बोलायचं, मग एकदा हसायचं, एकदा खोकायचं. सोळा जण होऊन गेले. मग मागे बायांची खसखस ऐकू आली. कुणालातरी पुढं ढकलत होत्या.

"जाय वं, जाय! वावरात निंदताना तं साऱ्या गावाच्या नकला करतं, अन् इथी काहून लाजतं?"

पराग म्हणाला, "नंबर सतरा."

आणि तो आवाज आला. खरखरीत आणि तरी ओला. शब्दांच्या मागे बारीक शीळ वाजत होती. "दार लावून" म्हणताना तो आवाज खरंच कुठंतरी आत जाऊन बसला. मग हसणं. ते सुरू झालं, मध्येच तुटून खोकला झाला आणि त्या खोकल्यातून पुन्हा चढत हसण्यापर्यंत आलं. मी टेबलावर पेन्सिल आपटली आणि म्हणाले, "हीच!"

वळून बघितलं. पस्तिशीची, हडकुळी बाई. पदर तोंडावर धरलेला, डोळे लालभडक. मला वाटलं, लाजली आहे. तिने नाव सांगितलं, वच्छला. मुकुटबनच्या अलीकडचं गाव. घरची चार एकर कपाशी.

"बाई, पण माझा आवाज असा नाही वो," ती म्हणाली. "घसा बसून हाय सध्या. एरवी बरा राह्यते."

मी हसले. "बसलेलाच असू द्या. मला हाच पाहिजे."

बायाही हसल्या. कुणीतरी टाळी वाजवली. "वच्छलाचा पयला नंबर आला माय!"

वच्छलाने पदर खाली घेतला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. "चौथीत शाळा सुटली माझी," ती म्हणाली. "नंबर कायचाच आला नव्हता बाई आजवर." तिच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी स्पर्धेच्या बक्षीस समारंभात शेकडो वेळा पाहिलं आहे. पण तिथली मुलं दहा-बारा वर्षांची असतात.

घसा कशाने बसला, हे मी विचारलं नाही. वर्गात पोरांना वीस प्रश्न विचारून भंडावणारी मी, तो एक प्रश्न मला सुचला नाही. समोर तोंड करून बसले असते तर दाराशी ठेवलेली तिची औषधाची रिकामी कॅन दिसली असती. तिच्या नखांतला निळसर रंग दिसला असता. ती सकाळपासून आपल्या वावरात ड्रमात औषध कालवत होती, नवरा फवारत होता, आणि तशीच ती निंदणाच्या बायांबरोबर इकडे आली होती. आमच्याकडे पंप पुरुषाच्या पाठीवर असतो, पण पाणी वाहायचं, औषध मोजायचं, काठीने नाहीतर हातानेच ढवळायचं, हे बाईचं काम. पेपरात फवारणाऱ्यांची नावं येत. कालवणाऱ्यांची येत नसत.

आता मला स्पर्धांची आमंत्रणं आली की मी तब्येतीचं कारण सांगते. शेजारच्या घरात दिवसभर कार्टून चालू असतं. ससे बोलतात, गाड्या बोलतात, भाज्या बोलतात. मूल खिदळतं. मी भिंतीच्या अलीकडे बसून तो आवाज कुणाचा असेल याचा विचार करते. तो आवाज देणाऱ्या बाईने आज जेवण केलं असेल का, तिला ताप तर नसेल ना, असले विचार. लोकांना हे सांगितलं तर म्हणतील, बाईंचं वय झालं.

मुकुटबनहून परत आलो आणि पराग कामाला लागला. त्या धंद्यात आवाज आधी असतो, तोंड मागून येतं. वच्छलाचा तो चाचणीचा आवाज ऐकत ऐकत त्याने अळीचे ओठ काढले, हसताना फुगणारं पोट काढलं, खोकताना होणारी वळी काढली. तीन आठवडे त्याचंच चाललं होतं. याच दिवसांत झड लागली. दिवसच्या दिवस पाऊस थांबेना, त्यामुळे फवारणीही थांबली. आम्हाला वाटलं, चला, गिरणीही बंद, रेकॉर्डिंगला बरं.

ठरल्या दिवशी वच्छला नवऱ्याबरोबर आली. पांढरकवड्याला गाडी बदलून, पहाटेची निघालेली. नवं लुगडं, केसांत फूल. नवरा किसन, मितभाषी, सारखा टोपी काढून हातात घेणारा. तो बाहेर चहाच्या टपरीवर जाऊन बसला आणि वच्छलाला आम्ही आत घेतलं. तिच्यासमोर माइक ठेवला, पडद्यावर अळी लावली आणि म्हटलं, बोला.

आवाज बरा झालेला होता. मी वहीत लिहिलं, "चालणार नाही."

पडद्यावर अळी हसता हसता वाकडी होत होती आणि इकडे वच्छला चारचौघींसारखी बोलत होती. परागचा चेहरा पडला. आम्ही काय काय केलं नाही! तिला कुजबुजायला लावलं, ओरडायला लावलं, गळ्यावर बोट दाबून बोलायला लावलं. पाणी देऊ नका म्हणाले मी, घसा कोरडा राहू द्या. दोन तास. मध्ये मध्ये ती काहीबाही बोलत होती आणि मी हं, हं करत होते. शेवटी ती खाली बघून म्हणाली, "दुसरी बाई पाह्यसान का आता?"

मला तिची दया आली. माझ्या वागण्याला चांगलं म्हणता येईल असं एवढंच त्यात आहे. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि कॉलेजच्या नाटकातल्या मुलींना सांगते तेच तिला सांगितलं. "तो आवाज तुमचाच होता ना? मग तो परत येईल. त्या दिवशी तुम्ही कुठं होतात, काय करत होतात, अंगात कसं वाटत होतं, ते आठवा. तेच करा. आठ दिवस देते."

"तेच करू?" तिने विचारलं.

"तेच."

आठ दिवसांनी ती आली तेव्हा दारातूनच "बाई" म्हणाली आणि मी उडी मारायची बाकी राहिले. आवाज आला होता. होता त्याहून फाटका, त्याहून खोल. पराग काचेपलीकडून अंगठा दाखवत होता. पहिलंच वाक्य एका दमात पास. दुसरं पास. वच्छला घामाने निथळत होती, म्हणून आम्ही पंखा तिच्याकडे वळवला. ती पुन्हा पुन्हा पदराने तोंडातली लाळ पुसत होती. हात थरथरत होते. माइकची भीती, मी मनात म्हटलं. एकदा तिने माझ्याकडे बघितलं तेव्हा तिच्या डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीच्या दाण्याएवढ्या झालेल्या दिसल्या. मला ते दिसलं, नवल वाटलं आणि मी पुढचा कागद तिच्यासमोर धरला.

शेवटी हसणं होतं. ती हसली, हसण्याचा खोकला झाला, जसा व्हायला हवा होता तसाच. पण खोकल्यातून हसणं परत येईना. खोकला चालूच राहिला. परागला वाटलं, बाई रंगात आली आहे. त्याने हाताने खूण केली, चालू द्या, चालू द्या. आणि आम्ही दोघं शिकलेली माणसं, चांगलं अर्धं मिनिट तो खोकला रेकॉर्ड करत राहिलो. मग ती भिंतीला धरून खाली बसली आणि तिला उलटी झाली.

वास तेव्हा आला. त्याआधी त्या बंद खोलीत तो असणारच, पण मला तो तेव्हा आला.

किसन धावत आत आला. आम्ही तिला ऑटोत घातलं. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मांडी तिच्या घामाने भिजत होती. किसन समोरच्या दांडीला धरून बसला होता आणि आयुष्यात बोलला नसेल तेवढं बोलत होता.

"आमची फवारणी तं कवाच झालती मॅडम. चार दिस झाले, हे दुसऱ्याच्या वावरात जाऊन औषध कालवून राह्यलती. तोंडाले फडकं नाही. डरमात मुंडकं घालून ढवळे. मी म्हणलं, अवं, काहून अशी करतं? मरतं का? तं म्हणे, बाईनं सांगतलं, त्या दिवशी केलतं तेच करजो म्हणून."

लोहाऱ्याहून दवाखाना काही लांब नाही. पण त्या दिवशी रस्ता संपेना.

वॉर्डात तिच्यासारखी आणखी माणसं होती. बहुतेक पुरुष. कुणाचे डोळे बांधलेले, कुणाचे हात पलंगाला बांधलेले, कारण ते भ्रमात उठून पळत. प्रत्येक पलंगाशी एक बाई बसलेली आणि प्रत्येकीच्या लुगड्याला तोच वास. डॉक्टर, नर्स धावत होते. पेपरात उलटलेली सगळी पानं तिथं ओळीने झोपलेली होती. किसनने मला स्टूल दिलं आणि स्वतः खाली बसला. माझ्यावर ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याने मला विचारलं, "चहा आणू का बाई तुमच्यासाठी?"

दुसऱ्या दिवशी दुपारी वच्छलाने डोळे उघडले. मला ओळखलं. बोटाने जवळ बोलावलं. मी कान तिच्या तोंडाशी नेला.

"जमलं ना बाई?"

"जमलं," मी म्हटलं. "छान जमलं."

तिचा चेहरा सैल झाला. मुकुटबनला पदर खाली घेतला होता तेव्हासारखा. मी तेव्हा काय म्हणायला हवं होतं, ते मला आजही माहीत नाही. जमलं नाही असं खोटं बोलले असते तर ती फुकट गेली असती, आणि खरं बोलले तरी ती त्या आवाजापायीच गेली. त्या संध्याकाळी तिच्या घशात नळी घातली. त्यानंतर ती बोलली नाही. पाचव्या दिवशी ती गेली.

पराग म्हणाला, मॅडम, मी अळीचा आवाज काढून टाकतो, फिल्मच नको आपल्याला. हे विचारायला आम्ही किसनकडे गेलो. अंगणात बसायला त्याने बाज टाकली. वावरात कपाशी फुटली होती, फुटेल तेवढी. बरीच बोंडं काळी पडून तशीच झाडावर होती. त्याने आमचं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "ठेवा. नाही तं तिनं कायले केलं मंग एवढं?" फिल्म पूर्ण झाली. गावोगाव दाखवली गेली. शाळांतली मुलं बैलाचं ऐकतात आणि अळीला हसतात, असं पराग सांगायचा. अळी हसता हसता खोकते तिथं सगळ्यात जास्त हसतात. कुणीतरी त्याला विचारलं म्हणे, हा आवाज कोणत्या मशीनने काढला?

मी ती फिल्म लोकांत बसून कधी पाहिली नाही. लोक मला म्हणतात, तुम्ही काय मुद्दाम केलंत का? नाहीच केलं. मुद्दाम कोण करतं? औषध विकणारा मुद्दाम करत नाही, दोनात तिसरं मिसळायला सांगणारा मुद्दाम करत नाही. सगळे चांगलं पीक यावं म्हणूनच सांगत असतात. मलाही चांगलंच काम हवं होतं. मी त्या वर्षी पेपर वाचून ज्यांना ज्यांना दोष दिला होता, त्यांच्या रांगेत आता मीही उभी आहे, आणि रांगेतून बाहेर पडायची मला इच्छा नाही.

दिवाळीनंतर किसन लोहाऱ्याला आला. मी तिथंच होते. त्याने टोपी काढून हातात घेतली आणि खिशातून एक साधा मोबाइल काढला.

"पोरगी लहान हाय मॅडम. मायचा आवाज विसरून जाईन ते. तुमच्याकडे हाय ना भरलेला, तो याच्यात टाकून द्या."

परागने मान डोलावली आणि अळीचं पहिलं वाक्य लावलं. किसन खाली मान घालून ऐकत राहिला. खोकला सुरू झाला तसा त्याने हात वर केला.

"हा नाही," तो म्हणाला. "हा तं औषधाचा हाय. तिचा द्या. पयल्यांदा आलतो ना आमी, नवं लुगडं घालून, तवा दोन घंटे बोलली होती ते इथी. तो."

पराग माझ्याकडे बघू लागला. त्या दिवशी ती दोघं एसटी गाठायला निघाली आणि लगेच मी त्याला म्हटलं होतं, हे सगळं पुसून टाक, नापास आवाज ठेवायचे नाहीत, मग गोंधळ होतो. त्याने माझ्यासमोर पुसलं होतं. मी किसनला तसं सांगितलं. शब्द न शब्द सांगितला, काही झाकलं नाही.

त्याने मोबाइल परत खिशात ठेवला. बाहेर गिरणी चालू होती. मग तो म्हणाला, "बरं, ते जाऊ द्या. मी तं टपरीवर बसून होतो. ते काय बोलली दोन घंटे? पोरीचं काही म्हणत होती का? जे म्हणली असंन ते सांगा, मी पोरीले तसंच सांगतो."

मी आठवू लागले. ती बोलत होती, मध्ये मध्ये, स्वतःशी हसत काहीतरी सांगत होती. हाताने एवढीशी उंची दाखवलेली मला आठवली. ओठ हललेले आठवले. दुसऱ्या बाईचं तिने विचारलं होतं आणि जाताना माझ्याकडून ती ‘तेच करा’ एवढं घेऊन गेली होती, ते किसनला माहीतच होतं. बाकीचे दोन तास मी तिच्या गळ्यात दुसराच आवाज शोधत बसले होते.

किसन वाट बघत उभा होता.

"किसनभाऊ," मी म्हटलं, "मी ऐकलंच नाही."